माडीवरचं शरीरशास्त्र

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि शांतता. उजेड मला खिडकीतून मिळतो. शांतता मिळायची ती माडीवरच्या सासू-सुनेच्या कृपेनं. सासूचे, म्हणजे आमच्या मावशींचे, कान एका आजारपणात गेलेले. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही पोचायचं. आणि सूनबाईचा आवाज इतका बारीक, की दुकानदार तिला दोनदा "काय?" विचारायचा आणि तिसऱ्यांदा ती बोट दाखवूनच साबण घ्यायची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हाच मावशींना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघींनी पहिल्या दिवसापासून संसार केला तो हातवाऱ्यांवर. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, तो पंधरवड्यातून एकदा घरी. इतक्या वर्षांत माडीवर कधी भांड्याला भांडं लागलं नाही. भांडायला आधी ऐकू यावं लागतं, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगायचो आणि माझ्याच विनोदावर हसायचो.

ही सूनबाई इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती. चादरी पोचवायला वॉर्डात जायची, तिथल्या नर्स बघायची, आणि एक दिवस तिच्या डोक्यात आलं की आपणही हे शिकायचं. पस्तिशी गाठलेली बाई कॉलेजात जाणार म्हटल्यावर गल्लीनं तोंडाला लगाम घातला नाही. "डॉक्टरीणबाई, आमची नाडी बघा" असं म्हणून लोक मनगट पुढं करायचे. ती हसून निघून जायची. नव्याचे नऊ दिवस, असं मीही म्हटलं होतं. पण ती सकाळी कॉलेज, संध्याकाळी लाँड्री अशी तारेवरची कसरत करत राहिली, आणि वर्षाअखेरीला सगळ्या विषयांत पास झाली.

सगळ्या म्हणजे एक सोडून. पहिल्या वर्षाचा मुख्य विषय शरीररचना आणि शरीरक्रिया. त्याच्या लेखी पेपरात तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क, आणि तोंडी परीक्षेत भोपळा. परीक्षकांनी समोर हाड ठेवलं, विचारलं, हे कुठलं? तिला उत्तर येत होतं. पण घसा असा मिटला की शब्दच फुटेना. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, तेच. परीक्षक म्हणाले, अभ्यास करून या. पुन्हा एकदा बसायची संधी होती. त्यात गेली की कॉलेजातली जागाही गेली, असा तिथला नियम.

त्या दिवशी ती माडीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मावशींनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, आणि हातानंच विचारलं, काय झालं? तिनं अंगठा खाली केला.

"येत नव्हतं?" मावशींचा स्वतःचा आवाज बहिऱ्या माणसाचा असतो तसा खणखणीत. मला खाली सगळं ऐकू आलं.

तिनं डोक्याला हात लावून दाखवलं असणार की इथं होतं, आणि घशाला हात लावून, की इथं अडकलं.

"मग काढ की बाहेर! मला सांग. मी कुठं चाललेय? पण मोठ्यानं सांगावं लागेल बाई, हाताबितानं नाही चालायचं."

आणि तिथून माझ्या शांततेचे बारा वाजले.

रोज दुपारी जेवणं उरकली की माडीवर शाळा भरायची. मी डोळ्याला भिंग लावून एखादं नाजूक चक्र चिमट्यात धरलेलं असायचं, आणि वरून आवाज यायचा, "जठर!"

"आं?"

"जठर, आई! जठर!"

"म्हणजे काय?"

"पोटातली पिशवी!"

"मग पिशवी म्हण की! जठर जठर काय लावलंय!"

माझं चक्र टेबलाखाली. ते शोधायला मी गुडघ्यांवर रांगतोय तोवर पिशवीतून अन्न लहान आतड्यात उतरलेलं असायचं, आणि मावशी विचारत असायच्या की आतडं एवढं लांब असेल तर ते पोटात मावतं कसं? सूनबाईला येत नसलं की माडीवर शांतता पसरायची, पानं फडफडायची, आणि मग आधीपेक्षा मोठा आवाज यायचा. सुरुवातीला तो आवाज चिरका होता, मधेच फुटायचा. महिन्याभरात तो भरला. सूनबाईला एवढा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं, तिलाही नसावं.

शेवटी एक दिवस मी तडकून वर गेलो. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. तर मावशींनी मला दारातच पकडलं. "बरं झालं आलात घड्याळवाले. शर्ट काढा."

"काय?"

"पाठ हवीय. माझी वाकलीय, तिला मणके मोजता येत नाहीत."

भांडायला गेलेला मी उघड्या पाठीनं स्टुलावर बसलो, आणि सूनबाई मानेपासून खाली एकेका मणक्यावर बोट ठेवत ओरडू लागली. तिचं बोट गार होतं आणि मला गुदगुल्या होत होत्या. मावशी मधेच म्हणाल्या, "यांची पाठ बघ, खुर्चीत बसून बसून कशी धनुष्य झालीय!" खरं सांगायचं तर मला राग यायला हवा होता आणि तो आला नाही. मग चहा झाला. दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेलो, आणि दुपारचं काम सकाळवर ढकललं. माझ्या घरात मी एकटाच. माडीवर निदान माझ्या बरगड्यांना तरी मान होता.

अशी हाडं झाली, स्नायू झाले, रक्त झालं. मग ज्ञानेंद्रियं आली. डोळे झाले, नाक झालं. सूनबाईनं पान उलटलं, आणि घसा खाकरून म्हणाली, "आता जीभ!"

मावशींनी हात वर केला. "थांब. नाकावरून एकदम जिभेवर? मधे कान नाही?"

सूनबाई पुस्तकात बघत राहिली. मला कळलं की तिनं कानाचा धडा मुद्दाम वगळला होता. मावशींना त्यांच्या कानांबद्दल कोणी काही बोललेलं खपत नसे. मुलानं मागं कधीतरी डॉक्टरकडे चला म्हटलं, तर त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

"शिकव," मावशी म्हणाल्या. "परीक्षेत मला सासूची दया येते म्हणून कान विचारू नका, असं सांगणार आहेस का?"

मग तिनं शिकवलं. कानाच्या पडद्यामागं तीन हाडं, हातोडा, ऐरण आणि रिकीब, शरीरातली सगळ्यांत लहान. त्यांच्या पलीकडे शंखासारखी वळलेली नळी, तिच्यात पाणी, आणि पाण्यात अगदी बारीक केस. ते हलले की मेंदूला निरोप जातो. हे सगळं ती ओरडूनच सांगत होती, पण तिचे डोळे भरले होते.

"मग माझं यातलं काय बिघडलंय?" मावशींनी विचारलं.

"मला नाही सांगता येत, आई! डॉक्टर तपासून सांगतात! केस गेले तर परत येत नाहीत! पण काही उरले असतील, तर यंत्र लावून ऐकू येतं!"

"हं," मावशी म्हणाल्या. "आता जीभ घे."

मला वाटलं, विषय संपला. तोंडी परीक्षा जवळ आली तशी शाळेची वेळही वाढली. मावशी आता गळ्याला मोठा रुमाल बांधून, तो कानांवरून घेऊन बसायच्या. वारा बाधतो म्हणायच्या. दिवस उकाड्याचे होते, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? शिवाय त्या पहिल्यापेक्षा जास्त छळायला लागल्या होत्या. सूनबाईनं काहीही सांगितलं की "आं? पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं की "दारात उभी राहून सांग, तिथून ऐकू येतं का बघू." बिचारी दारातून सांगायची. मग जिन्यातून. रस्त्यावरची पोरं मूत्रपिंडाचं काम पाठ म्हणू लागली.

एका दुपारी सूनबाई चहा करायला आत गेली. मी घाम पुसत स्वतःशीच पुटपुटलो, "ही म्हातारी आज त्या पोरीचा जीव घेणार."

"म्हातारी कोणाला म्हणता हो?" मावशी म्हणाल्या. हळूच. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

माझ्या हातातली टोपी खाली पडली. मावशींनी रुमाल जरासा बाजूला केला. कानामागं चण्याएवढं यंत्र.

"मुलगा मागल्या खेपेला आला होता ना, ती कॉलेजात असताना त्याच्याबरोबर गेले. केस आहेत म्हणे अजून थोडे."

"मग सांगितलं का नाही तिला? ती घसा फोडून ओरडतेय आणि तुम्ही आं आं करताय!"

"हळू बोला." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "मला ऐकू येतंय म्हटलं की ती पुन्हा बारीक बोलणार. मग परीक्षेत कोण बोलेल तिच्याऐवजी, तुम्ही? परीक्षा होऊ दे."

आत भांड्यांचा आवाज येत होता, आणि त्यात सूनबाई काहीतरी गुणगुणत होती. मावशींनी मान कलती केली.

"ऐकलंत? आपल्याला कोणी ऐकत नाही असं वाटलं की गुणगुणते. इतकी वर्षं एका घरात राहिलो, तिचा खरा आवाज मला माहीतच नव्हता. गोड आहे हो. पहिल्या दिवशी ऐकला आणि मी तोंडाला रुमाल लावून रडले." मग त्यांनी डोळे पुसले, रुमाल नीट केला आणि आत बघून ओरडल्या, "चहा आज मिळणार का उद्या?"

मी मूग गिळून बसलो. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला ते किती जड गेलं ते मलाच ठाऊक. सूनबाई दारात उभी राहून फुप्फुसं सांगायची, मावशी आं म्हणायच्या, आणि मी चहात बघत बसायचो. त्यांच्याकडे बघितलं असतं तर सगळंच ओठांवर आलं असतं.

परीक्षेच्या दिवशी माझ्याच्यानं काम झालं नाही. एका गिऱ्हाइकाला मी दुसऱ्याचं घड्याळ दिलं. माडीवर मावशी खिडकीत बसून होत्या, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. ती पुन्हा नापास झाली तर आपण तिला उगाच ओरडायला लावलं, एवढंच उरेल, असं त्या मला जिन्यात म्हणाल्या होत्या.

तिकडे काय झालं ते सूनबाईनं नंतर सांगितलं. परीक्षक बाई बाहेरगावच्या, करारी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, रक्त हृदयातून कसं फिरतं? आणि तिचा घसा पुन्हा मिटला. बाईंनी पेन उचललं. तेवढ्यात तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "बाई, मी दारात उभी राहून सांगू का?"

"दारात? का?"

"तिथून येतं मला."

बाईंनी खांदे उडवले. ती दाराशी गेली, वळली, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली, "अंगातलं वापरलेलं रक्त आधी उजवीकडच्या वरच्या खोलीत येतं! तिथून झडपेतून खालच्या खोलीत! खालची खोली ते फुप्फुसांकडे ढकलते!" बाहेर ओळीत उभी असलेली पोरं आत डोकावली, शिपाई धावत आला. बाईंनी कानावर हात ठेवला. "अगं, मी बहिरी नाही! झडप कशाला असते ते सांग."

"रक्त मागं फिरू नये म्हणून!"

मग बाई हसल्या. पुढचे प्रश्न त्यांनी तिला जवळ बसवून विचारले, आणि एकदा वाट मोकळी झाल्यावर तिलाही ती उत्तरं बसल्या जागी सांगता आली. हाडं, आतडी, कान, सगळं.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली तेव्हा अक्षरशः धावत होती. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. दोन दोन पायऱ्या चढत गेली आणि अर्ध्या जिन्यातूनच ओरडली, "आई! आई, पास झाले!"

मी चपला न घालताच तिच्या मागं धावलो. वरच्या पायरीवर पोचलो तर मावशी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातला रुमाल सोडला होता, केस मागं घेतले होते आणि यंत्र सगळं उघडं होतं.

"ओरडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "हळू सांग. ऐकू येतंय मला."

सूनबाई त्या यंत्राकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावर हात ठेवला. किती दिवसांपासून, ते तिला विचारावं लागलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावरून ओळखलं. ती मावशींजवळ गेली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्यांच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिली, तिच्या त्या मूळच्या बारीक आवाजात. मी दारातच होतो, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. मावशींना सगळं ऐकू आलं.