आवाज घडवणारी प्राची

धुळ्याला देवपुरात प्राचीचं घर आहे. मयुरी जळगावहून तिथे पहिल्यांदा गेली, तेव्हा दाराजवळचं बटण दाबताच आतून प्राचीच्या आईचा, रुक्माबाईंचा आवाज आला, "कोन शे व माय? नाव सांग."

मयुरीने नाव सांगितलं.

"बस ओट्यावर. येस मी."

मयुरी बसली. केस सारखे केले, ओढणी नीट केली. जरा वेळाने प्राची गल्लीतून आली, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"अगं थांब, काकू येतायत दार उघडायला."

"आई नरडाण्याला गेलीय, मावशीकडे. तू दाराशी बोललीस, मयुरे."

मयुरी मराठीत एम. ए. झालेली. दारं पुस्तकांत बोलतात, एवढंच तिला माहीत होतं.

दोघी जळगावच्या कॉलेजात एका खोलीत राहिल्या होत्या. तेव्हाही प्राची खोलीतला पंखा उघडून बसायची. आता ती दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देते. आग्रा रोडवरच्या कुठल्याही शेठचं मशीन अडलं की तिला फोन येतो, "बेटा, प्रिंटर फिर रूठ गया." ती जाते, प्रिंटरची समजूत काढते, येताना तिथलं टाकून दिलेलं काहीतरी पिशवीत घालून घरी आणते.

त्या टाकाऊ वस्तूंनी घर भरलं होतं, आणि सगळ्या जिवंत होत्या. कूलरमधलं पाणी उतरलं की पंप आपसूक चालू होई. नळाला पाणी आलं की घरात घंटा वाजे, आणि ती ऐकून अर्धी गल्ली हंडे घेऊन बाहेर पडे. केर काढणारं एक चपटं, गोल यंत्र घरभर फिरत असे. रुक्माबाई त्याला जावई म्हणत.

"जेवाना टाइमले बरोबर पायमा येस," नरडाण्याहून परतल्यावर त्या म्हणाल्या. "कामना नावखाले घरभर हिंडस. जावईच शे."

मयुरी हसून हसून थकली. मग तिच्या लक्षात आलं, की आतल्या खोलीत कुणीतरी आहे आणि तिथून काहीच आवाज येत नाही.

तिथे देवचंद आबा होते. प्राचीचे वडील.

आबा भाजी मार्केटमध्ये हीरालाल शेठच्या अडतीवर लिलाव पुकारत. शेतकरी पहाटे माल आणून टाकत, व्यापारी भोवती उभे राहत, आणि मधे आबा. त्यांचा आवाज मार्केटच्या फाटकाबाहेर चहा पिणाऱ्याला ऐकू जाई. मग घशाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला समोर छिद्र, त्यावर पांढरा रुमाल. डॉक्टर म्हणाले, हिंडा, फिरा, माणसांत जा. पण दारात कुणी आलं की आबा उठून आतल्या खोलीत जात. हीरालाल शेठ स्वतः घरी आले होते. "देवचंद, बोलू नको. नुसता गादीवर येऊन बस. तुझं तोंड पाहून शेतकरी माल टाकतात." आबांनी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी गच्चीवर प्राची म्हणाली, "जेवण कमी केलंय त्यांनी. परवा त्यांनी स्वतःचा मोबाइल आईच्या हातात दिला. घड्याळ प्रशीलला देऊन टाकलं. माझा भाऊ गं, पुण्याहून आला होता तेव्हा. मला भीती वाटते, मयुरे. ते एकेक वस्तू परत करतायत."

मयुरी तिच्याजवळ सरकली.

"मी त्यांचा आवाज करणार आहे," प्राची म्हणाली. स्वयंपाक करणार आहे म्हणावं तसं.

तिने समजावून सांगितलं. माणसाच्या जुन्या बोलण्यावरून त्याच आवाजात नवं बोलणारं सॉफ्टवेअर मिळतं. ते आपल्या कॉम्प्युटरवर बसवायचं, त्याला आबांचं बोलणं ऐकवायचं, शिकवायचं. मग आबा फोनवर लिहितील आणि फोन त्यांच्या आवाजात बोलेल. ऐकवायला रेकॉर्डिंग भरपूर होतं. गावोगावच्या शेतकऱ्यांना भाव कळावा म्हणून हीरालाल शेठ रोजच्या लिलावाचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवत, आणि प्रत्येकात आबा होते.

"तुझी मदत लागेल. आवाजासोबत शब्द लिहून द्यावे लागतात. अहिराणी त्या सॉफ्टवेअरला येत नाही. तू ऐकून लिहून दे."

मयुरीने हो म्हटलं. जळगावला परत आल्यावर ती कानाला हेडफोन लावून लिलाव लिहू लागली. मेथी, गिलके, मिरची. एम. ए.च्या अभ्यासात तिने इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं.

महिनाभराने प्राचीने तिला बोलावून घेतलं. सगळे बाहेरच्या खोलीत बसले. आबांना रुक्माबाईंनी हाताला धरून आणलं. फोनवर मोठी अक्षरं होती. आबांनी नाइलाजाने बोट लावलं आणि लिहिलं, 'पाणी दे'.

फोन गरजला, "पाणीऽऽ दे!"

आवाज आबांचाच होता. रुक्माबाईंनी तोंडाला पदर लावला. पण ते पाणी मागणं नव्हतं. शेवटचा शब्द वर चढला होता आणि तिथेच थांबला होता, पुढची बोली कोण लावतो त्याची वाट पाहत.

शेजारच्या गच्चीवरून झुलालकाका ओरडले, "आबा, पाणीले काय भाव फुटना आज?"

सगळे हसले. आबांनी लिहिलं, 'बंद कर'. तेही लिलावासारखंच गरजलं. पुन्हा हसू आलं, या वेळी प्राची सोडून सगळ्यांना. आबांनी फोन पालथा ठेवला आणि ते आत गेले.

प्राची भिंतीला टेकून बसली. "लिलाव ऐकवून शिकवलं, तर ते लिलावच बोलणार. माझंच चुकलं. पण दुसरं आणू कुठून? आपल्याकडे घरातल्या माणसाचं साधं बोलणं कुणी रेकॉर्ड करतं का? लग्नाचं करतात. त्यात बँड असतो."

"घरमा ते बोलेतच नही," रुक्माबाई म्हणाल्या. "सकायपाईन वरडी वरडी दमी जायेत. घर उनात की मुका. माले तरी कोठे माहीत, ते हळू कसा बोलतस?"

प्राचीने आवाजाची पट्टी उतरवून पाहिली. आबा तापात बडबडल्यासारखे वाटू लागले. वेग कमी केला, तर बातम्या वाचणारे झाले. एकही तुकडा घरात ऐकवण्यासारखा नव्हता.

मयुरी जळगावला परतली. उरलेलं काम तिने सोडलं नाही, जरी त्याचा उपयोग उरला नव्हता. तिच्याकडे प्रत्येक लिलाव दोन प्रकारे होता. एक शेठने पाठवलेला मूळ व्हिडिओ, दुसरा प्राचीच्या सॉफ्टवेअरने गोंगाट काढून साफ केलेला. ती आजवर साफ केलेलाच ऐकून लिहीत होती. एकदा एका शब्दाला अडली म्हणून तिने मूळ व्हिडिओ लावला. आबांनी एक, दोन, तीन म्हटलं. वांग्यांचा सौदा तुटला, भाव पक्का झाला. साफ केलेलं रेकॉर्डिंग तिथेच संपत होतं. मूळ व्हिडिओ पुढे चालू होता. व्यापारी पुढच्या ढिगाकडे सरकले, हमाल ओरडत होते, आणि आबा वाकले होते. मयुरीने आवाज वाढवला.

तिने ताबडतोब फोन लावला.

"प्राचे, सौदा तुटल्यानंतरचं तुझं सॉफ्टवेअर का कापतं?"

"त्यात काही नसतं गं. मागची खरखर असते. एका ठराविक पट्टीच्या खालचं सगळं काढून टाक, असं मीच सांगितलंय त्याला."

"ती खरखर नाही. ऐक."

मयुरीने फोन स्पीकरजवळ धरला. हमालांच्या आरडाओरड्याखालून एक खोल, मऊ आवाज येत होता. कानाशी बोलावं तसा. "सुपडूभाऊ, माल चांगला शे तुना. आज गिऱ्हाईकच नही. जीव लहान नको करू. सकाय ये, सकाय मी देखस."

मग प्राची म्हणाली, "हे मी फेकत होते?"

दोघींनी एकामागून एक मूळ व्हिडिओ लावले. सगळ्यांत होतं. ज्याच्या मालाला भाव पडला, त्याच्याकडे आबा वाकत. कुणाच्या मुलीची परीक्षा विचारत, कुणाला घरी जायच्या आधी दोन घास खा म्हणत. त्यातल्या एकालाही दुसऱ्याचं ऐकू गेलं नसेल. मयुरी ते लिहीत गेली आणि मधेमधे हात थांबत गेला. हा माणूस वर्षानुवर्षं दोन आवाजांत बोलत होता आणि जगाला त्यातला एकच माहीत होता.

प्राचीने आता सगळं उलटं केलं. आरोळ्या काढून टाकल्या, तळातलं उचललं. कॉम्प्युटर इतका तापायचा, की कूलर तिने त्याच्याकडे वळवला आणि स्वतः घाम पुसत बसली. रुक्माबाई म्हणायच्या, "त्याले थंडा हवा, मन्ही पोर गरमीमा."

मयुरी शेवटचं लिखाण घेऊन धुळ्याला आली, त्याच सकाळी दारात मोटरसायकल थांबली. कापडण्याचा सुपडू, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. "राम राम! आबा शेत का?"

आबा खाटेवरून उठले आणि आत निघाले. प्राची आडवी आली नाही. तिने फक्त नवा आवाज भरलेला फोन खाटेवर ठेवला. "बाबा, नको असेल तर राहू द्या," एवढंच म्हणाली.

सुपडू पाठमोऱ्या आबांशीच बोलू लागला. "तुम्ही नही, ते मार्केट मसनमा गयं, आबा. तो नवा पोऱ्या, तीन म्हने आनि चालना पुढे. मानूसना तोंडकडे देखस नही. माल काय, मानूस काय, त्याले बठ्ठं एकच."

आबा उंबऱ्यावर थांबले. मग वळले, खाटेवर येऊन बसले आणि फोन उचलला. बोट हळूहळू फिरलं.

"जय भीम, सुपडूभाऊ," फोन म्हणाला. "बस. काय भाव लागना?"

ओल्या मातीसारखा आवाज. जवळचा.

सुपडू बसला. त्याने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. आबांच्या तोंडाकडे बघत तो भावाची रडकथा सांगू लागला. आबा लिहीत असले की तो थांबे, म्हाताऱ्या माणसाला शब्द आठवेपर्यंत थांबावं तसा. मग उत्तर ऐके आणि वाद घाली. "नही आबा, हाई तुमनं चुकस!" आबा मान हलवत आणि पुन्हा लिहीत.

रुक्माबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हात पिठाचे. "असा बोलतस का ते?" त्यांनी मयुरीला विचारलं. त्यांच्या लग्नाला जन्म लोटला होता. मयुरीने मान हलवली.

सुपडू उठला, चपला घातल्या. "सकाय येशात ना मार्केटले?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग प्राचीकडे. मग लिहायला लागले. खोडलं, पुन्हा लिहिलं.

"पोरी," तो हळू आवाज म्हणाला, "हाई बॅटरी कितला वखत टिकस?"

प्राचीने ओंजळीत तोंड लपवलं.

"दिवसभर, आबा," मयुरी म्हणाली. "दिवसभर टिकते."