जंडेल साबाचा दगड

हिंगोलीहून सेनगावकडे जीप सुटली तेव्हा माझा एक पाय आत होता आणि दुसरा नशिबाच्या भरवशावर. पिशवीत एका आयरिश सेनापतीच्या नोंदींची वही होती. विशीत हा गडी आयर्लंडहून आला, हिंगोलीच्या छावणीत घोडदळात लागला, लढाया मारत पुढे जनरल झाला आणि म्हातारपणी मायदेशी, स्वतःच्या अंथरुणात वारला. सगळं सापडलं होतं. हिंगोलीची वर्षं तेवढी कोरी होती. वाटेतल्या एका तांड्यावर (लमाणांच्या वस्तीवर) त्याचा दगड आहे असं कानावर आलं, म्हणून हा खटाटोप.

उतरलो तर दगडासमोर जेसीबी उभं! रस्ता रुंद होत होता. बाया दगडाभोवती कडं करून बसल्या होत्या. दगडावर शेंदराचं जाड कवच, त्याखाली इंग्रजी अक्षरांच्या पुसट खुणा आणि पायथ्याशी पेटती बिडी.

"जंडेल साबाची समाधी हाय," तांड्यातल्या सगळ्यांत वडील झमकाबाई म्हणाल्या. जंडेल म्हणजे जनरल. "आमच्या मागच्यांनी त्याच्या फौजेला बैलांवर दाणा नेला. दर अमावस्येला आमी त्याला बिडी लावतो."

रस्त्याचा मुकादम वैतागला होता. "माणसाची समाधी हाय असं लिहिलेलं दाखवा, मी साहेबाला फोन लावतो, रस्ता वळंल. न्हाई तर मैलाचा दगड समजून आत्ताच उचलतो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. इंग्रजी वाचणारा मी एकटाच. आणि जनरल इथं पुरलेला नाही हेही मला एकट्यालाच ठाऊक होतं. खोटं वाचावं, असं मनात येऊन गेलं.

"शेंदूर काढावा लागेल," मी म्हणालो.

"देवाचं अंग सोलून राहिले का तुमी?" मागून एक बाई ओरडली. झमकाबाईंनी जेसीबीकडे पाहिलं आणि खुरपं माझ्या हातात दिलं. "काढा. पाप लागलं तर मला लागंल."

खालची ओळ आधी उघडी पडली, ती मी वाचून दाखवली. लेफ्टनंट, पुढे माझ्या जनरलचं नाव, आणि 'याने उभारला.' उभारला, पुरला नव्हे! संपलं, असं वाटलं. मुकादम चालकाला खूण करणार तेवढ्यात शेंदराची वरची पापडी निघाली. अक्षरं खालच्यांपेक्षा दुप्पट मोठी होती. मी मोठ्याने वाचलं, "हरजी नाईक. उपाशी फौजेला धान्य पोचवताना तापाने गेला. त्याला इथे पुरलं."

"हरजी?" झमकाबाईंनी अक्षरांवर हात ठेवला. "हरजी तर आमचा मूळपुरुष! हा अख्खा तांडा त्याचाच."

मुकादमाने फोन लावला. उत्तर येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. शेवटी त्याने हात हलवला आणि जेसीबी मागे सरकलं. मला रडूच कोसळलं.

"म्हंजी इतकी वर्सं आमी आपल्याच आज्याला साब म्हणून राहिलो?" झमकाबाई म्हणाल्या. विझलेली बिडी त्यांनी पुन्हा पेटवली. "ओढ रे बाबा. तुझीच हाय."

परतीच्या जीपमध्ये बसायला जागा मिळाली. पुढच्या आयुष्यात त्या जनरलच्या छातीवर बरीच पदकं लागली, पण मला तो आवडला तो आजच. वहीतलं कोरं पान उघडून मी वर हरजी नाईकाचं नाव लिहिलं आणि जनरलचं खाली, बारीक अक्षरात. त्याने स्वतःच तसं कोरून घेतलं होतं.