तापल्यावर बंद पडणारी गाडी

गॅरेजवाल्या मामांचं साऱ्या गल्लीला कौतुक होतं. इंजिनातून प्लग काढून हातात घेतला की ते त्या गाडीचा सगळा इतिहास सांगत. टोक विटकरी असेल तर प्रकृती ठणठणीत. काजळी धरली असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. तेलकट असेल तर मामा आधी गाडीच्या मालकाला बसायला स्टूल देत आणि मगच तोंड उघडत.

टायपिंग क्लासचे सर हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. सरांची गाडी तीस वर्षांची. रोज सकाळी ते ती पुसत आणि पुसताना तिच्याशी गप्पा मारत. "माझ्या वाट्याला उरलेसुरले शब्द येतात," असं त्यांची बायको, म्हणजे क्लासच्या बाई, हसून सांगत.

एक दिवस सर गाडी घेऊन आले. म्हणाले, "मामा, मिसिंग करतेय हो. गार असते तोवर छान पळते. तासभर चालवली की आचके देते आणि मध्येच मान टाकते."

मामांनी चारही प्लग काढले. काळेकुट्ट!

"बघा सर, कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखे झालेत. दुसरं काही नाही." त्यांनी नवे प्लग घेतले, पातळ पट्टीने फट मोजून बसवले आणि सेल्फ मारला. गाडी एका झटक्यात चालू झाली.

"पण ती गरम झाल्यावर..." सर म्हणाले.

"अहो, आता गरम काय नि गार काय! बिनधास्त जा."

दारात आणखी दोन गाड्या ताटकळत होत्या. मामांनी बॉनेट धाडकन लावलं.

अठरा दिवसांनी सर आणि बाई सरांच्या बहिणीकडून परत येत होते. दीड तासाचा रस्ता; पहाटेच्या गारव्यात जाताना गाडी नीट चालली होती, आता भर दुपार होती. गावाजवळ सरांच्या छातीत कळा येऊ लागल्या. बाईंनी त्यांना बाजूला सरकवलं, स्वतः स्टिअरिंग धरलं आणि गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला घातली. पुलावर गाडी बंद पडली. बॅटरी रडकुंडीला येईपर्यंत बाई चावी फिरवत राहिल्या. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोघांना पोचवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि बाईंना बाहेर बसायला सांगितलं.

समोरच्या ऑईलवाल्याने मामांना सर गेल्याची बातमी दिली. "गाडीने ऐन वेळी दगा दिला म्हणे," तो म्हणाला. मामांच्या हातून पाना निसटला, तो त्यांनी उचललाही नाही.

आठवड्याने बाईंच्या भावाने गाडी ओढून आणली. दारात सोडली आणि चावी बॉनेटवर ठेवून निघून गेला.

मामांनी बॅटरी चार्ज केली. गाडी चालू झाली. त्यांनी ती बंद केली नाही. स्टूल ओढून समोर बसले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मग इंजिन अडखळलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मामांनी एक प्लग काढून वायरला जोडला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि घरातून मामींना बोलावून चावी फिरवायला सांगितली. प्लगच्या टोकाशी ठिणगी नव्हती. त्यांनी प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉईलला हात लावला आणि चटकन मागे घेतला. नुसती भाजत होती. ओलं फडकं तिच्यावर धरून ते दहा मिनिटं थांबले.

"फिरव."

निळी ठिणगी तड्कन उडाली.

मामा खाली फरशीवर बसले. "कॉईल गेलीय. तापली की मरते. त्याच दिवशी तासभर गाडी चालू ठेवली असती तर सापडलं असतं. सर बिचारे तेच सांगत होते."

मामी गाडीतून उतरल्या. "कुणी विचारलंय का तुम्हाला? जुनी गाडी होती, बंद पडली. उगाच त्या बाईच्या जिवाला आणखी घोर कशाला?"

"आणि माझ्या जिवाला?" मामा म्हणाले. मग त्यांनाच त्या बोलण्याची लाज वाटली.

त्यांनी नवी कॉईल बसवली, दोन तास गाडी फिरवली आणि संध्याकाळी बाईंच्या दारात नेऊन उभी केली. बाई आत टाइपरायटरांवर कापडं घालत होत्या. मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं? गरम झाल्यावर बंद पडते म्हणून?"

"दोनदा सांगितलं."

बाईंनी हातातल्या कापडाची घडी घातली. "मला वाटत होतं, चावी मीच चुकीची फिरवली," त्या म्हणाल्या. "रोज रात्री डोळे मिटले की मनातल्या मनात मी ती फिरवून बघते."

"नाही बाई. तुमचं काही चुकलं नाही."

"बरं झालं सांगितलंत." त्यांचा आवाज कोरडा होता. "आता जा तुम्ही. आणि परत येऊ नका."

मामा गेले नाहीत परत. पुढे बाईंनी गाडी विकली, क्लासही बंद केला. एकदा औषधांच्या दुकानात दोघं समोरासमोर आले. मामांनी बाजूला होऊन वाट दिली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले, पण दुकानदाराने त्यांचा नंबर पुकारला आणि त्या काउंटरकडे वळल्या. मामा आपलं औषध न घेताच घरी आले.