डिंभ्याच्या काठावरची हाक

मी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा पुढचं सगळं ठरलेलं होतं. जुन्नरचं घर भाड्यानं द्यायचं आणि पुण्याला लेकीकडे राहायला जायचं. नवऱ्यानं तर तिथल्या चर्चच्या गायनमंडळात बोलूनही ठेवलं होतं. रोज सकाळी मी प्रार्थनेत म्हणायचे, "प्रभू, पुढची वाट दाखव." पण मनातून वाटायचं, वाट तर ठरलीच आहे, आता देवानं नुसतं हो म्हणावं.

निघण्याआधी एकदा डिंभ्याला गेले. दवाखान्यात वर्षानुवर्षं माझ्यासोबत काम केलेली आया तिथं राहते, तिचा निरोप घ्यायचा होता. चहा झाला, गप्पा झाल्या. ती मला एसटीच्या थांब्यावर सोडायला आली, पण एसटीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात तिची शेजारीण पदर सावरत आली.

"बाई, तुमी नर्स हाय म्हनं. आमच्या मामंजींना बघता का जरा? लई दिस झालं, पडूनच हायेत."

तिचा सासरा जातीचा धनगर, सगळा जन्म मेंढरांमागं फिरलेला. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. अंधाऱ्या खोलीत तो खाटेवर पडून होता. पाठीला जखमा झाल्या होत्या. मी पाणी गरम करायला लावलं, जखमा धुतल्या, कूस कशी बदलायची ते सुनेला दाखवलं.

"यांना कधी बाहेर उन्हात आणता का?"

"कोन उचलनार, बाई? मालक मेंढरांकडं असत्यात."

थांब्यावर एसटीची वाट बघणारे दोघं होते, त्यांना हाक मारली. आम्ही सगळ्यांनी मिळून खाट उचलली आणि अंगणात आणून ठेवली.

समोर धरणाचं पाणी, पलीकडं उतार, आणि उतारावर त्याच्या मुलानं चारायला सोडलेली मेंढरं. म्हातारा नुसता बघत राहिला. मग त्याचे ओठ हलायला लागले. पाणी हवं असेल म्हणून मी वाकले, आणि त्याच्या घशातून एक हाक निघाली. खोल, लांब, हेलकावत जाणारी. शब्द नव्हता तो. मेंढरांना बोलावायची त्याची हाक होती.

उतारावरच्या माना वर झाल्या. एक मेंढी निघाली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळा कळप खाली उतरायला लागला. मुलगा ओरडत मागं पळत होता, पण एकीनंही वळून पाहिलं नाही. अंगणात येऊन ती खाटेला भिडली. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला नाकं लावू लागली.

"मामंजी बोलले!" सून रडायलाच लागली.

मी तिथंच मातीत बसले. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात, हे लहानपणापासून उपदेशात ऐकत आले होते. संडे स्कूलच्या पोरांना मी स्वतः शिकवलंही होतं. पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुठं जायचं, कशाला जायचं, मेंढरांनी काही विचारलं नव्हतं. आवाज ओळखीचा होता, एवढंच.

धापा टाकत मुलगा आला. बापाकडं बघत राहिला, मग मला म्हणाला, "परत याल का, बाई?"

"येईन," मी म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मग पुण्याचं काय?"

"मला नाही वाटत आपल्याला तिकडं बोलावलंय."

"मला पण बघायचाय तो माणूस," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला तो आला. मी जखमा बांधल्या, त्यानं म्हाताऱ्याची दाढी केली. जुन्नरचं घर भाड्यानं द्यायचं राहिलं ते राहिलंच. लेक काही दिवस रुसली. आता तीच बँडेज आणि मलमं पाठवते.

म्हातारा पुढच्या हिवाळ्यात गेला, पण तोवर आम्हाला वरच्या गावांमधून निरोप यायला लागले होते. अंथरुणाला खिळलेली माणसं घराघरात होती. परवा आहुप्याला एका आजीनं विचारलं, "तुमाला कुनी धाडलं, बाई?"

"देवानं," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली, आणि मला खाटेवर बसता यावं म्हणून पाय जरा बाजूला घेतले.