कौसावहिनी आणि मंडळी

कौसावहिनींनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, ते म्हणजे माझ्या पडद्याची दुमड.

शिरूर कासारला शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. लग्न झालेलं नव्हतं, गावात ओळखीचं कुणी नव्हतं. दोन खोल्या एका ओळीत, मधे एक भिंत. एकीत मी आणि दुसरीत हे पाच जणांचं बिऱ्हाड. कडेवर एक मूल, पदराला एक मूल आणि मागे एक मूल अशी पंचविशीची एक बाई दारात येऊन उभी राहिली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिनं माझ्या खिडकीचा पडदा खालून उलटून पाहिला.

"बाई, येवढं कापड आत दुमडून कावून दडवलंय?"

मी म्हटलं, "शिवतानाच तसं शिवलंय. पडदा खाली वजनदार राहतो."

"पडद्याला वजन काय करायचंय? त्याला काय सासरी नांदायचंय?" त्या म्हणाल्या. "येवढ्यात माझ्या बारकीचं झबलं व्हईल."

संध्याकाळपर्यंत झबलं झालं. धाकटी छबी ते घालून माझ्या दारासमोरून रांगत गेली आणि मागे वाऱ्यावर माझा वजन गेलेला पडदा उडत राहिला. तेव्हापासून मी त्या घरची झाले, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

वहिनींचे यजमान भास्करराव सहकारी दूध संस्थेत दूध तपासायला होते. सकाळी खेड्यापाड्यांतून कॅन यायचे, हे त्यांत काचेची नळी सोडून पाणी किती ते बघायचे. अतिशय सज्जन, कमी बोलणारा माणूस. दिवसभर लोकांच्या दुधात पाणी शोधायचा आणि घरी येऊन स्वतःच्या चहात दूध शोधायचा. सापडलं नाही तर काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "चहा जरा काळा झालाय का?" वहिनी म्हणाल्या, "उजेड कमी हाय. दारात बसून प्या."

काटकसर करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांच्या कपाळावर एक आठी असते. वहिनींच्या कपाळावर ती नव्हती. त्यांना काटकसरीत मजा यायची, जशी कुणाला पत्ते खेळण्यात येते. टँकरचं पाणी आलं की त्या पाण्याची त्या जणू ड्यूटी लावायच्या. परातीत बसवून छबीची आंघोळ, त्याच पाण्यात मधल्या दत्ताचे पाय, त्याच पाण्यानं ओटा, आणि उरलंसुरलं अंगणातल्या शेवग्याला. "पाणी हाय म्हणून काय झालं," त्या म्हणायच्या, "एक काम करून गटारीत बसायला ते काय पेन्शनीत निघालंय?" सगळ्या गल्लीत झाडं वाळली, पण तो शेवगा इतका माजला की शेंगा माझ्या खिडकीतून आत यायच्या.

गावात रहीमचाचा म्हणून म्हातारे शिंपी होते. वहिनी त्यांच्या दुकानात जाऊन मशीनखालच्या चिंध्या वेचून आणायच्या. चाचा एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "भाभी, तुमच्यामुळं दुकानात झाडू मारायला कायबी उरत न्हाई."

"मग झाडूचा खर्च वाचला की चाचा," वहिनी म्हणाल्या. "त्याचं काय देता?"

चाचांनी कपाळाला हात लावला आणि एक रिकामं रीळ दिलं. दत्ताला त्याची गाडी झाली.

पण वहिनींच्या या कलेचा कळस म्हणजे ते पिवळं कापड. सहकारी भांडारात एक तागा कितीतरी दिवस पडून होता. हळदीसारखा पिवळा रंग आणि त्यावर वांग्याएवढाली जांभळी फुलं. कुणी हात लावेना. भांडारवाल्यानं तो वहिनींच्या गळ्यात मारला, असं त्याला वाटलं. वहिनींनी अख्खा तागा उचलला. पुढच्या आठवड्यात थोरल्या मंगलचा परकर, दत्ताचा सदरा, छबीचा फ्रॉक, उशांचे अभ्रे, बाजाराची पिशवी आणि रेडिओचा झगा, सगळं त्याच फुलांचं झालं. भास्कररावांना पायजमा शिवला. तो ते फक्त घरात घालायचे; पण घर एका खोलीचं, आणि दार सदा उघडं, त्यामुळे तो सगळ्या गावानं पाहिला.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "वहिनी, सगळ्यांना एकच कापड म्हणजे जरा बँडवाल्यांसारखं दिसतं."

"दिसू द्या. बँडवाले कवा एकमेकांना सोडून जातेत का?"

हा त्यांचा दुसरा नाद. कुठंही जायचं तर सगळ्यांनी जायचं. दत्ताचे केस कापायला पाचही जण. छबीला डॉक्टरकडे न्यायचं तर पाचही जण. डॉक्टर विचारायचे, पेशंट कोणता? भास्कररावांना संस्थेच्या सभेला बोलावणं आलं तेव्हाही सगळे निघाले; चेअरमननी वहिनींना पाहून मोठ्या अदबीनं विचारलं, "आपण सभासद आहात का?" वहिनी म्हणाल्या, "मी सभासदाची मालकीण हाय." आणि पोरांना घेऊन पुढच्या रांगेत बसल्या.

एका संकष्टीला आम्ही लिंबागणेशला गेलो. 'आम्ही' म्हणजे ते पाच आणि मी. बसमध्ये कंडक्टरनं दत्ताकडे बोट दाखवलं, "याचं वय काय?"

"तुमीच सांगा," वहिनी म्हणाल्या. "कितव्या वर्षापास्नं तिकीट लागतं?"

कंडक्टरनं सांगितलं.

"तेवढं व्हायचं हाय अजून."

"बाई, पोरगं नाकासमोर बसून पाटीवरचं वाचतंय!"

"हुशार हाय हो," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. कंडक्टर हसला आणि हरला.

देवळापाशी मात्र गर्दीत दत्ता हरवला. आत्ता होता, आत्ता नाही. भास्करराव पांढरेफटक पडले. मी इकडंतिकडं धावले. मला सगळ्यात भीती वाटली ती वहिनींकडे पाहून. मंगलचा आणि छबीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की छबी रडायला लागली. मग त्यांनी डोक्यावरची ती पिवळ्या कापडाची पिशवी काढून कुणाच्या तरी काठीला बांधली, ती काठी उंच धरली आणि ओट्यावर चढून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. नुसती पिशवी उंच.

थोड्या वेळानं गर्दीतून एक नारळवाला आला. बखोटीला धरलेला, फुलांच्या सदऱ्यातला दत्ता, दत्ताच्या तोंडात त्याचंच खोबरं.

"ह्या पिशवीतलं पोरगं तुमचंच का?" त्यानं विचारलं.

वहिनींनी दत्ताला आधी पोटाशी धरलं, मग एक धपाटा घातला, मग परत पोटाशी धरलं. परतीच्या बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "भारी कापड घेतलं असतं, बाई, तर हरवलंच असतं की पोरगं." गावात ही हकिगत पसरली, तेव्हापासून त्या फुलांना हसायचं लोकांनी सोडून दिलं.

पुढं दुष्काळ जास्तच आवळत गेला. सिंदफणा नदी कोरडी ठाक झाली. टँकरची वाट बघण्यात दिवस जाऊ लागले. अशात एका सकाळी वहिनी म्हणाल्या, "बाई, रविवारी सहलीला चला. गेवराईकडं, गोदावरीवर."

मला बरं वाटलं. मी चटणी-पोळ्या करून घेतल्या, बरी साडी नेसले. स्टँडवर पाहते तर पाच माणसं आणि सात गाठोडी.

"हे काय, वहिनी?"

"गोधड्या. धुवायच्या राहिल्यात कवाच्या. नदीला जातोच हाय तर."

नदीच्या पात्रात वाळूच वाळू होती, पण एका ठिकाणी डोह शिल्लक होता. वहिनींनी डोहात कुणाला पाय घालू दिला नाही. "कुणी तरी पीत असंल" म्हणाल्या. बादलीनं पाणी काढून लांब खडकावर नेलं आणि सगळ्यांना कामाला लावलं. भास्कररावांनी आपटायचं, मी आणि मंगलनं पिळायचं, लहानांनी गोधड्या वाळूत पसरून त्यांवर दगड ठेवायचे. माझी बरी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. सहल म्हणजे काय याची माझी कल्पना त्या दिवशी बदलली. पण खोटं कशाला बोलू, इतकी मी त्या वर्षात कधी हसले नव्हते.

जेवणं झाल्यावर पोरं वाळूत लोळायला गेली आणि वहिनी माझ्याशेजारी बसल्या. मी थट्टेनं विचारलं, "गोधड्या धुवायला एवढी वरात कशाला? तुम्ही आणि भाऊजी आला असता तरी भागलं असतं."

त्या पोरांकडे बघत म्हणाल्या, "मी ल्हान असताना आसाच दुष्काळ पडलता. तवा आईनं मला चार दिस म्हणून मावशीकडं धाडलं. मावशी चांगली व्हती, खायाप्यायाला कमी न्हाई केलं. पर चार दिसाची वरसं झाली. परत गेलते तवा उन्हातनं गेलते, तहान लागलती. आपल्याच घरात शिरले आन आईला इचारलं, पाणी पिऊ का?"

त्यांनी पदरावरची वाळू झटकली. "आई ढसढसा रडाया लागली. मला कळंचना, ही कावून रडतीय. मी तर नीट इचारलंतं."

मग एकदम उठल्या आणि ओरडल्या, "अहो, त्या हिरव्या गोधडीचा एक कोपरा तसाच ऱ्हायलाय!"

त्यानंतर महिन्याभरातच दूध संस्था बंद पडली. जनावरं चाऱ्याच्या छावणीवर गेली, दूध आटलं, आणि तपासायलाच काही नसल्यावर तपासनीस काय करणार? भास्करराव तो फुलांचा पायजमा घालून दारात बसून राहू लागले. चहात दूध शोधायचंही त्यांनी सोडलं.

ही बातमी ऐकून त्यांच्या थोरल्या बहीण आक्का पैठणकडच्या आपल्या गावाहून आल्या. आक्का विधवा, मूलबाळ नाही, गाव कालव्यावरचं, ऊस-केळी, सगळं भरपूर. बाई खणखणीत पण मनानं चांगली. मंगलसाठी त्यांनी झालरीचा नवा फ्रॉक आणला होता. म्हणाल्या, "पाऊस पडंस्तोवर मंगलला मी नेते. तुमचं एक तोंड कमी होईल, पोरीला दूध मिळेल, शाळा बी हाय तिथं."

भास्कररावांनी खाली बघत मान डोलावली. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"न्या," वहिनी म्हणाल्या. "उद्या दुपारच्या गाडीनं न्या."

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्या खोलीत बांधाबांध करत होत्या. मला त्यांच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. दुपारी सगळे स्टँडवर गेलो. मंगल नव्या फ्रॉकमध्ये अवघडून उभी होती आणि तिच्या पायाशी तिचं सामान होतं. आक्कांनी ते पाहिलं.

"अगं कौसा, एका पोरीला येवढी गाठोडी?"

"अंथरूण लागतं तिला."

"आन् हा स्टोव्ह?"

तेवढ्यात गाडी आली. हमालाला न विचारता गाठोडी टपावर गेली. आक्का चढल्या, मंगल चढली. मग वहिनींनी दत्ताला खिडकीतून आत ढकललं, छबीला कडेवर घेतलं आणि पायरीवर पाय ठेवला.

"कौसा, तू कुठं?" आक्का ओरडल्या.

"आक्का, एकीला पोसायची तुमची तयारी हाय. बाकीचे आमी कामं करून खाऊ. तुमच्या रानात मजूर मिळत न्हाईत म्हणत व्हता ना काल? मग हे काय चालत आलेले मजूर नव्हं?" आणि मागं वळून, "अहो, चढा की! का पायजमा बदलायचाय?"

भास्करराव मुलीला निरोप द्यायला आले होते. दोन्ही हात लोंबकळत ठेवून ते क्षणभर उभे राहिले, मग एकदम लहान पोरासारखे हसले आणि चढले. वहिनींनी खिडकीतून माझ्या हातात किल्ली ठेवली. "कुलूप लावलंय, बाई. शेवग्याला पाणी घाला. तोंड धुतलेलं चालतंय त्याला." गाडी हलली, तेव्हा आक्कांचा हात अजून कपाळालाच होता.

तिकडचं मला पुढं कळत गेलं ते भास्कररावांच्या पत्रांतून. तिथल्या दूध संस्थेत त्यांना काम मिळालं, तीच काचेची नळी. वहिनी आक्कांच्या केळीच्या बागेत जायच्या. आक्कांच्या घरातले पडदेही बरेच आखूड झाले होते म्हणे.

पाऊसपाणी झालं, इकडची संस्था पुन्हा सुरू झाली, आणि मंडळी परत येणार म्हणून मी स्टँडवर गेले. मंगल उतरली, दत्ता उतरला, छबी आता चालत उतरली. भास्करराव, वहिनी. आणि त्यांच्या मागून हातात पितळी डबा घेतलेल्या आक्का.

"आक्का, तुम्ही?" मी म्हटलं.

"काय सांगू बाई," आक्का म्हणाल्या, "मी ह्यांना गाडीत बसवून द्यायला आलते. बघते तर माझी ट्रंक हिनं आधीच टपावर टाकलेली!"

"येवढ्या मोठ्या घरात एकटं माणूस," वहिनी म्हणाल्या, "घराची किती नासाडी व्हती ती."

एका खोलीत सहा माणसं कशी मावणार, असं मी विचारायच्या आत त्यांनी आक्कांचं अंथरूण माझ्या दारात आणून टाकलं. "आक्का तुमच्याकडं झोपतील. तुमी तरी एकट्या कावून ऱ्हाता?"

मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आक्का जमीन वाट्यानं देऊन शिरूरला राहिल्या त्या राहिल्याच. मी तिथं होते तोवर माझ्या खोलीत झोपल्या. त्या घोरायच्या, आणि साधंसुधं नाही. भिंतीपलीकडून दत्ता ताल धरायचा. मी रोज वहिनींकडे तक्रार करायची आणि त्या रोज म्हणायच्या, "मग फुकट राखण व्हतीय की तुमची."

माझी बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात स्वतंत्र, हवेशीर खोली मिळाली. हवी तशी शांतता होती, आणि मला काही केल्या झोप येईना. पाच-सहा दिवस कसेबसे काढले. मग एका संध्याकाळी गॅसवरचा चहा उतरवला, त्यात आणखी थोडं पाणी घातलं आणि शेजारच्यांना हाक मारायला गेले.