जयवंताबाईनं तासलेली मूठ

जयवंताबाईनं एकदा मनावर घेतलं की ती ब्रह्मदेवाच्या बापालाही ऐकत नसे, हे मुधोळकडच्या त्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. तरी माणसं तिला शहाणपण सांगायला जायचीच. खोड, दुसरं काय!

साल छप्पन्न. मुधोळ तालुका नांदेडातून काढून आदिलाबादेला जोडला, आणि जिथं लेकीची, रुख्मिणीची, सोयरीक जमली होती ते भोकर एका दिवसात दुसऱ्या राज्यात गेलं. चावडीवर रोज त्याचाच काथ्याकूट. जयवंताबाईला त्याचं काही पडलं नव्हतं. तिच्या जिवाला घोर होता तो नवऱ्याच्या उजव्या हाताचा.

मागच्या उन्हाळ्यात मारोतरावांचा हात भरल्या गाडीच्या चाकाखाली सापडला. हाड जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलंच राहिलं, अंगठ्यात जोर उरला नाही. आणि त्यांच्या घराण्याचा रिवाज असा, की मुहूर्तमेढीची उंबराची फांदी नवरीच्या बापानंच तोडायची, घरच्या सुरीनं आणि उजव्या हातानं. उंबराला कुऱ्हाड लावायची नाही. लग्न मार्गशीर्षात. धाकटा भाऊ बाबाराव चांगल्या मनानं म्हणाला, की दादाच्या जागी तो तोडेल. मारोतरावांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"मेढ दुसऱ्यानं तोडली तं मी मांडवात पाय ठेवत नाई," एवढंच बोलले. बोलले म्हणजे झालं. हे घर म्हणजे एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं!

सुरीही त्यांनीच केलेली. गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून, ठोकून हातभर जड पातं काढलेलं, धार अशी की केस उभा चिरावा. मूठ मात्र लाटण्यासारखी गोल. दुखऱ्या हातात ती फिरायची आणि गळून पडायची. जयवंताबाईनं विचार केला, हात काही बदलत नाही, मग मूठ बदलू. बाईमाणूस सुताराचा वाकस घेऊन लाकूड तासतंय म्हणून गल्ली हसली. हसू दे.

तिनं ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा मळला आणि नवऱ्याला मुठीत दाबायला लावला. बोटांचे ठसे उमटले. तो गोळा चुलीपाशी वाळवून त्याबरहुकूम तिनं धावड्याचं लाकूड आठ दिवस तासलं. अन् मूठ निघाली बारीक, पोरांच्या खेळण्यातली! पीठ वाळलं की आकसतं. जन्मभर भाकरी थापणाऱ्या बाईला हे कळू नये? तिनं कपाळावर हात मारून घेतला. बाबारावाला हसू आवरेना.

"हासा भाऊजी," ती म्हणाली. "पिठानं फसोलं, लाकूड नाई फसोणार."

दुसऱ्या खेपेला तिनं ओल्याच गोळ्याची मापं सुतळीनं घेतली. हातात फिरू नये म्हणून मूठ अंड्यासारखी लांबट गोल ठेवली, वाकल्या बोटांची पोकळी भरावी म्हणून मागे जाड, पुढे निमुळती, आणि शेवटाला करंगळी अडकेल असा खाली वळलेला आकडा. तरी टोचायचीच. कुठं टोचते ते मारोतराव मरणार पण सांगणार नाहीत. मग हिनं काय करावं? मुठीला तव्याची काजळी फासली आणि म्हणाली, दाबा. तळव्यावर जिथं काळं गडद उमटलं तिथं लाकूड रुतत होतं. तेवढंच तासायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाबा. वीसेक वेळा तरी झालं असेल. मारोतराव वैतागले, चिडले, एकदा उठून शेतातच निघून गेले. पण माणूस लपवतो ते काजळी लपवत नाही. वा रे बाई! चांगल्या चांगल्या कारागिराला हे सुचलं नसतं. शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडून तिनं मुठीला जवसाचं तेल चोळलं आणि लाख वितळवून पातं पक्कं बसवलं.

मेढीच्या दिवशी सगळी भावकी उंबराखाली गोळा झाली. फांदी मनगटाएवढी. पहिला घाव उथळ बसला, नुसती साल निघाली. बाबारावाचा पाय पुढे पडला, तसं जयवंताबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थांबला. दुसरा घाव, तिसरा. मारोतराव घामानं निथळत होते, पण मूठ हातात फिरली नाही. सातव्या की आठव्या घावाला फांदी खाली आली. वाजंत्री सुरू झाली, बाबारावानं फांदी खांद्यावर घेतली आणि माणसं मांडवाकडे वळली.

मारोतराव तिथंच उभे. बोटं मुठीवर आखडून बसली होती, उघडेनात. जयवंताबाई जवळ गेली, एकेक बोट हलकेच उकललं आणि सुरी काढून घेतली. चारचौघांत आपण नवऱ्याचा हात धरलाय हे तिच्या ध्यानात आलं. ती लाजली आणि सोडायला गेली, तर त्यांनी वाकड्या बोटांनी तिचा हात धरून ठेवला.

"पोरगी तं चाललीच," ते म्हणाले. "तू काऊन हात सोडून राह्यली?"