धर्माचा पेपर

जगात वाद घालणारी माणसं पुष्कळ असतील, पण वाद घालायला मिळावा म्हणून रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा चढवून शाळेत येणारा माणूस एकच, आणि तो आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. चौलजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गुरुजी. शाळेला लागूनच अध्यक्षांची नारळी-पोफळीची वाडी. प्रार्थनेची घंटा झाली की हे कुंपणातून वाकून येतात, चौथीच्या पोरांमागे उभे राहतात आणि प्रतिज्ञा पोरांपेक्षा मोठ्याने म्हणतात. नारळ तयार झाला की नाही हे ते टिचकी मारून ओळखतात. तीच टिचकी पोरांच्या डोक्यावर मारून "ह्यो शिकंल" किंवा "ह्यो न्हाय टिकायचा" असं भविष्यही सांगतात. माझ्या डोक्यावरही एकदा मारली होती. निकाल सांगितला नाही.

त्यांचं म्हणणं एकच होतं: सरकारी शाळेत धर्म शिकवला पाहिजे. दाढी करताना न्हाव्याशी, एसटीत कंडक्टरशी, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याशी हाच विषय. जाणते लोक त्यांच्या शेजारचं पान टाळत. पुरावा म्हणून वाडीतून चोरीला गेलेली सहा शहाळी होती. "धर्म शिकवला असता, तं पोरं झाडावं चढली असती का, गुर्जी?" मी म्हणायचो, सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही, कायदाच आहे तसा. आणि शिकवायचा तरी कोणाचा? "ज्याच्या घरी जो असंल तो!" मी काही बधत नाही असं दिसल्यावर एका शनिवारी शाळा सुटताच त्यांनी कुंपणापलीकडे, स्वतःच्या वाडीत वर्ग भरवला. पोरं झाडून सगळी गेली, कारण शेवटी गूळ-खोबरं होतं. पाववाल्या चाचांची नात सलमाही गेली. चाचा म्हणजे अध्यक्षांचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज सकाळी सायकलवरून पाव घेऊन यायचे आणि चहाला टेकायचे. पुढे दर शनिवारी भरू लागलेल्या या वर्गाची रीत अशी, की ज्याच्या घरी जे सांगतात ते त्याने येऊन सांगायचं आणि अध्यक्षांनी "व्हय, बराबर" म्हणायचं. खरं सांगायचं तर मला तो वर्ग आवडू लागला होता. हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

इथवर ठीक होतं. पण शिकवलं म्हणजे परीक्षा हवीच, असं त्यांच्या मनाने घेतलं. एकच प्रश्न, दहा गुण: पाप म्हणजे काय? त्यांच्या सख्ख्या नातवाने दोन पानं भरली, दोन श्लोक घातले, कुठूनतरी 'अस्तेय', म्हणजे चोरी न करणं, असा शब्दही आणला. सलमाने तीन ओळी लिहिल्या. 'अध्यक्ष आजोबांच्या वाडीतलं शहाळं न विचारता घेणं हे पाप. मी झाडावर चढले नाही, पण दोन घोट प्यायले. तेव्हा गोड लागलं, आता आठवलं की कसंतरी होतं.' अध्यक्षांनी तिला दहापैकी दहा दिले. बाकीच्यांना दोन-दोन. नातवाला शून्य, कारण झाडावर तोच चढला होता हे आजोबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि दोन पानांत त्याचा कुठे उल्लेख नव्हता. निकाल त्यांनी वाडीच्या फाटकावर लावला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव फाटकाशी. "आमची पोरं धर्मात नापास, आनि तिचा पयला नंबर?" घरात सून चार दिवस सासऱ्याशी बोलली नाही. "पेपर वाचून बघा," अध्यक्ष सांगत राहिले, "खरं तिनं एकलीनंच लिवलंय." पेपर कोणी वाचला नाही. बोलणी मात्र वाढत वाढत चाचांच्या दारापर्यंत गेली.

आठवड्याभरात चाचा शाळेत दाखला मागायला आले. पोरीला अलिबागच्या शाळेत घालणार, ती मामाकडे राहील. अध्यक्ष माझ्यासमोरच बसले होते.

"भाई, वर्ग बंद करतो. पेपर फाडून टाकतो. पोरीला नको नेऊ."

"तुझ्यावं राग न्हाय रे," चाचा म्हणाले. "मार्क तू बराबरच दिलेस. पण पोर आता वर्गात मान खाली घालून बसते."

दाखल्यावर सही मला करावी लागली, आणि ती करताना मला फार वाईट वाटलं.

आता धर्माचा विषय अध्यक्ष काढत नाहीत. वाद मी जिंकलो असं कोणीही म्हणेल, पण हजेरी घेताना तिच्या नावाच्या जागी मी अजून अडखळतो. अध्यक्ष प्रार्थनेला येतात, प्रतिज्ञा मात्र हळू म्हणतात. मी मुद्दाम खोडी काढून पाहिली, तरी भांडत नाहीत. शनिवारी पाव वाटून झाले की चाचा नातीला भेटायला जातात, हे त्यांना माहीत आहे. त्या दिवशी ते आधीच फाटकाशी उभे असतात आणि सायकलच्या कॅरिअरला एक शहाळं सुतळीने स्वतः बांधतात. परवा मी तिथेच होतो. अध्यक्षांनी गाठ दोनदा ओढून पाहिली आणि चाचांना म्हणाले, "पोरीला दे. आनि सांग तिला, ह्यं चोरीचं न्हाय. आजोबानं दिलंय."